जुनी बिअर परत बनवता येते का? (सुमेर, इजिप्त आणि शेवटी थोडा कौटिल्य)

माठवाला | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या विषयावर धागा काढायचं डोक्यात होतं पण टंकायचा कंटाळा, आज मुहूर्त लागला.

मी लीड्सला असतो. इथे घरी बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही, विकायची नाही एवढंच. हे आधीच सांगतोय कारण पहिले दहा प्रतिसाद तेच येणार.

तर सुरुवात निनकासीपासून. ही सुमेरची (आजच्या दक्षिण इराकातल्या प्राचीन संस्कृतीची) बिअरची देवी. तिच्यावरचं एक स्तोत्र मातीच्या पाट्यांवर सापडलंय, साधारण इसपू १८०० चं. १९६४ मध्ये मिगेल सिव्हिल या अभ्यासकाने ते भाषांतरासकट छापलं. त्यात कणीक खड्ड्यात सुगंधी द्रव्यांशी मळतात, मोठ्या भट्टीत भाजतात, मोड आलेलं धान्य भिजवतात, शिजलेला लगदा बोरूच्या चटयांवर पसरून गार करतात आणि शेवटी गाळणीतून बिअर अशी पडते की जणू तैग्रिस आणि युफ्रेटिस वाहतायत. म्हणजे अख्खी कृती गाण्यात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीचे तेव्हाचे मालक फ्रिट्झ मेटॅग आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ या दोघांनी १९८९ मध्ये हे स्तोत्र समोर ठेवून खरंच बिअर बनवली. बप्पिर नावाचे जाड पाव भाजले, मध घातला, खजूर घातला, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी आणि ती टिकवणारी फुलं) अर्थातच नाही कारण हॉप्स बिअरमध्ये यायला अजून अडीचेक हजार वर्षं होती. आणि पाहुण्यांना मोठ्या मडक्यातून लांब नळ्यांनी प्यायला दिली कारण सुमेरच्या शिक्क्यांवर तशीच चित्रं आहेत, मडकं मध्ये आणि माणसं भोवती नळ्या लावून बसलीयत. (उरच्या राणी पुआबीच्या थडग्यात तर सोन्याची आणि लाजवर्दाची नळी निघाली. श्रीमंतांचे चोचले तेव्हाही होतेच.)

गोष्ट झकास आहे, पण मला यात पहिल्यापासून एक खुटखुट आहे. स्तोत्र म्हणजे पाककृती नव्हे. उद्या कोणी गणपतीची आरती वाचून मोदक करायला बसलं तर उकड किती घ्यायची हे कुठे कळणार? बर्लिनच्या पीटर डामेरो यांचा २०१२ मध्ये एक लेख आला, त्यांचं म्हणणं साधारण हेच, की या पाट्यांवरून कच्चा माल किती लागला ते नीट कळतं, पण प्रक्रिया कळत नाही, आणि त्या पेयात दारूचा अंश किती होता हेसुद्धा नक्की सांगता येत नाही.

म्हणून मी सुमेर सोडून इजिप्तकडे वळलो. तिथे गाणं नाही पण मडकी आहेत आणि मडक्यांच्या तळाला वाळलेली खरड आहे. डेल्वेन सॅम्युअल नावाच्या बाईंनी ही खरड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातली, १९९६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं. तोपर्यंत सगळे म्हणायचे की इजिप्तचे लोक अर्धवट भाजलेले पाव पाण्यात कुस्करून बिअर करायचे. बाईंना दिसलं काय, तर स्टार्चचे कण दोन प्रकारचे. काही शिजून फुगलेले, आकार बिघडलेले. आणि काही कच्चेच पण मोड आल्यामुळे विकरांनी (एन्झाइम्सनी) पोखरलेले, भोकं पडलेले. म्हणजे धान्याचे दोन भाग करायचे, एक नीट शिजवायचा, दुसरा मोड आणून कच्चाच दळायचा, मग दोन्ही एकत्र. पाव कुठेच नाही!

मी हेच केलं. एमर गहू भिजवला, पाणी बदलत राहिलो, मोड दाण्याएवढे लांब झाले तेव्हा थांबवलं. अर्ध्याची सरबरीत पेज शिजवली, उरलेला कमी आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून भरड दळला. पेज हाताला जेमतेम सोसेल इतकी उतरली की त्यात भरड ढकलली आणि भांडं रजईत गुंडाळून ठेवलं. काही तासांत तो घट्ट गोळा आपोआप पातळ होतो आणि चव गोड लागायला लागते, हे पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. मग गाळून, गार करून, यीस्ट घालून ठेवली.

चव: आंबटसर, थोडी गोडी शिल्लक, कडूपणा शून्य, कोंड्याचा वास, रंग गढूळ. चौथ्या दिवसानंतर आंबटपणा इतका वाढतो की टाकून द्यावी लागते, हॉप्स नसल्याचा परिणाम. मला आवडली, बायकोने एक घोट घेऊन ग्लास सरकवला.

आता प्रश्न. ही 'प्राचीन इजिप्तची बिअर' झाली का? का मी नुसता हजारो मैलांवर बसून पेज आंबवली? जाणकारांनी इस्कटून सांगावं.

टोळभैरव | शनिवार, रात्री १०:३१

राजेहो, वाचनखूण साठवली. आरती वाचून मोदक, फुटलो बे 😂

ते भांडं रजईत गुंडाळायचं वाचून आमची आजी दही लावायची ते आठवलं. बाकी चवीचं वर्णन वाचून प्यायची इच्छा मेली.

पाटावरवंटा | शनिवार, रात्री ११:०५

माठवाला भाऊ, हे एमर एमर म्हणताय ते नक्की कुठलं गहू? आमच्याकडं सांगली भागात जुनी माणसं खपली लावत्यात, तसलंच कायतरी दिसतंय फोटोत.

भुईमूग | रविवार, सकाळी ७:४८

पाटावरवंटा दादा, तसलंच नाही, तेच. ट्रिटिकम डायकॉकम. एमर म्हणजे आपला खपली. सांगली, सातारा, कोल्हापूर, खाली बेळगाव धारवाडकडे अजून पिकतो आणि आपल्याकडे त्याची खीर, पुरणपोळी, शेवया करतात. तुतनखामेनच्या थडग्यात ठेवलेल्या धान्यातसुद्धा एमर होता.

एक प्रॅक्टिकल गोष्ट सांगते, कारण मी बियाण्याच्या कामात आहे. खपलीचं साल दाण्याला घट्ट चिकटून असतं, साध्या मळणीत सुटत नाही. बाजारात मिळतो तो कांडून साल काढलेला. कांडताना बऱ्याचदा कोंबालाच मार बसतो, मग कितीही भिजवा, निम्मे दाणे नुसते कुजतात. मोड आणायचे असतील तर सालासकट बियाण्याचा घ्यायचा. आणि ते साल पुढे गाळताना पण उपयोगी पडतं, लगदा चिकट होऊन बसत नाही.

नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, लहान मुलांना देतो, ते तरी काय, माल्टच आहे की.

पाटावरवंटा | रविवार, सकाळी ८:२०

आयला म्हणजे फॅरोचा गहू आमच्या बांधावर. आबांना सांगतो आज.

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी १२:३७

माठवाला, धागा उत्तम. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी हे वेगळं करायला हवं की पुरावा कशाचा आहे आणि आपण आपल्या मनाचं काय भरतोय. या क्षेत्रात दुसरंच जास्त चालतं असं माझं मत आहे.

इराणच्या झाग्रोस डोंगरातलं गोदिन तेपे घ्या. इसपू ३५०० ते ३१०० च्या दरम्यानचं एक मडकं, आतल्या बाजूला आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या आणि त्या रेघांत पिवळट काहीतरी साचलेलं. १९९२ मध्ये मिशेल, मॅकगव्हर्न आणि बॅडलर यांनी तपासलं तर कॅल्शियम ऑक्झलेट. बार्लीची बिअर ठेवलेल्या भांड्यांत हा थर बसतो, ब्रुअरीवाले त्याला बिअरस्टोन म्हणतात, म्हणून निष्कर्ष बिअर. ठीक. पण ऑक्झलेट अळूतही असतं, त्यानेच घसा खाजतो. आमच्या घरच्या फदफद्याचं पातेलं पाच हजार वर्षांनी कोणी उकरलं तर आम्ही रोज बिअर प्यायचो असं ठरायचं. गोदिन तेपेला तिथेच बार्ली सापडली, मडक्याचा आकार, त्या रेघा, हे सगळं एकत्र धरलं तर दावा पटतो. पण नुसतं 'ऑक्झलेट सापडलं, सबब बिअर' असं कुठे वाचलंत तर भुवई उंचावा. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेच्या मोठ्या दगडी कुंड्यांबद्दल, ज्यांतली सगळ्यात मोठी १६० लिटरची आहे, तसा संशय अभ्यासकांनी मांडला होता आणि त्यांनी स्वतः तो संशय म्हणूनच मांडला होता. पुढे बातम्यांत त्याचं 'जगातली पहिली ब्रुअरी' झालं.

दुसरं उदाहरण गॉर्डियनचं. मध्य तुर्कस्तानातला मोठा दफनढिगारा, १९५७ मध्ये रॉडनी यंग यांनी खणला, इसपू ७४० च्या आसपासचा, आत काशाची १५७ भांडी आणि तळाला अंत्यविधीच्या मेजवानीचं उरलेलं. मॅकगव्हर्न यांनी तपासलं: टार्टारिक आम्ल म्हणजे द्राक्ष, मेणाचे अंश म्हणजे मध, ऑक्झलेट म्हणजे बार्ली. तिन्ही एकाच पेयात. इथवर रसायनशास्त्र. मग २००० साली डॉगफिश हेड ब्रुअरीने त्यावरून बिअर केली, ती पुढे मिडास टच नावाने बाजारात आली, आणि त्यात कडवटपणासाठी केशर घातलं. केशर कुठून आलं? त्या भागात मिळायचं म्हणून. भांड्यात सापडलेलं नव्हे! बिअर छान असेल, वाद नाही. पण पिणाऱ्याला जो स्वाद सगळ्यात आधी जाणवतो तोच नेमका अंदाज.

तुम्ही केलीत ती त्या मानाने प्रामाणिक आहे कारण सॅम्युअल बाईंनी स्वाद नाही शोधला, प्रक्रिया शोधली. प्रक्रिया परत करता येते. चव परत मिळाली हे सिद्ध करायला तेव्हा प्यायलेला माणूस लागेल.

जाता जाता: सीरियात युफ्रेटिसकाठी ताल बाझी नावाचं प्राचीन गाव होतं, तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरात मोठी मडकी होती, शिवाय बुडाला भोक असलेली भांडी. आडेलहाइड ओटो यांनी खणलं आणि म्युनिकच्या ब्रुइंगवाल्या मार्टिन झार्नकाउंनी प्रयोग करून पाहिले, तर माल्ट न शिजवता, थंड पाण्यातच बिअर होते असं दिसलं. इंधन कमी असलेल्या प्रदेशात हे फार पटतं.

माठवाला | रविवार, दुपारी १:५५

सूक्ष्मदर्शी, दंडवत घ्या. अळूचं फदफदं मी आता प्रत्येक गप्पांत वापरणार.

केशराबद्दल सहमत, पण एका बाबतीत नाही. अंदाज केल्याशिवाय प्रयोग सुरूच होत नाही. मेटॅगनी पाव भाजून बिअर केली नसती तर पाव कशाला भाजायचे हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारला असता का? ब्रुअरी धंदा करते हे खरं, पण स्कॉटिश अँड न्यूकासलने सॅम्युअल बाईंच्याच कामावरून १९९६ मध्ये तुतनखामेन एल काढली, फक्त १००० बाटल्या, हॅरॉड्समध्ये ५० पौंडाला एक. लोकांनी घेतल्या त्या चवीसाठी नाही घेतल्या, पण त्या निमित्ताने एमर पिकवला गेला, संशोधनाला पैसे मिळाले.

थंड पाण्याच्या मॅशबद्दल (म्हणजे माल्ट पाण्यात कालवून साखर होऊ देणं) अजून लिहा ना. तापमान न देता विकरं काम कशी करतात?

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी २:४०

करतात, पण मंद. आजचा ब्रुअर ६२ ते ६८ अंशांवर मॅश ठेवतो कारण तिथे स्टार्च फुगून मोकळा होतो आणि विकरंही अजून जिवंत असतात, तासाभरात काम उरकतं. थंड पाण्यात स्टार्चचा कण बंद पेटीसारखा असतो, विकरांना तो बाहेरून पोखरत आत जावं लागतं. तुमच्या इजिप्तच्या पद्धतीचं शहाणपण त्यातच आहे, शिजवलेल्या अर्ध्या भागात पेट्या आधीच उघडलेल्या, कच्च्या माल्टमध्ये विकरं शाबूत. थर्मामीटर नसताना ६५ अंश गाठायचा हा फार हुशार मार्ग आहे. उकळती पेज आणि गार भरड एकत्र केली की मधलंच तापमान मिळतं.

ओसरी | रविवार, दुपारी ४:१५

मला एक कळत नाही. आपल्या संस्थळावर तरुण मुलंही वाचतात. दारू घरी कशी करावी याचे धडे द्यायची गरज आहे का? एकेकाळी इथे चांगल्या चर्चा व्हायच्या.

टोळभैरव | रविवार, दुपारी ४:२२

ओसरी काका, चार दिवस खपली भिजवून, वाळवून, दळून, रजईत गुंडाळून शेवटी आंबट पेज प्यायला मिळणार असेल तर तरुण मुलं दारूपासून कायमची लांब राहतील. समाजकार्य आहे हे.

नदीकाठ | रविवार, संध्याकाळी ६:०२

काकांचा मुद्दा समजते, पण इतिहास म्हणून बघितलं तर इजिप्तमध्ये ही चैनीची गोष्ट नव्हतीच. मजुरीच धान्यात मिळायची. देर अल मदिनात, म्हणजे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या गावात, एका कामगाराला महिन्याला ४ खार एमर आणि दीड खार बार्ली, एमर पावासाठी आणि बार्ली बिअरसाठी. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी हे धान्य थकलं तेव्हा याच कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळापाशी जाऊन बसले, इतिहासात नोंद असलेला पहिला संप तो. लालबागच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि बायकांबद्दल कोणीच बोललं नाही अजून! बिअरची देवता बाई. बाबिलोनमध्ये गुत्ता चालवणाऱ्या बहुतेक बायकाच, हम्मुराबीच्या कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत, १०८ ते १११. धान्य नाकारून मोठ्या वजनाने चांदी घेतली किंवा मापात मारलं तर पाण्यात फेका. गुत्त्यात गुन्हेगार जमले आणि तिने धरून दिले नाहीत तर मृत्युदंड. म्हणजे जागा केवढी महत्त्वाची असेल बघा, कट तिथेच शिजत असणार. आणि सुमेरच्या राजांच्या यादीत किशची कुबाबा आहे, धंदा दारू विकणारी, पद राजा, राज्य १०० वर्षं म्हणे. वर्षांचं सोडा, पण गुत्तेवालीला राजांच्या यादीत बसवताना लिहिणाऱ्याने नाक मुरडलेलं नाही.

पोथीवाचक | रविवार, रात्री ९:३०

उशिरा आलो. सगळे मेसोपोटेमिया इजिप्त करताय, घरचं कोणी बघत नाही म्हणून लिहितो.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर अख्खा अध्याय आहे, पंचविसावा. र. पं. कांगल्यांची संशोधित आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन भागांत काढली, तीच मी वापरतो. आणि इथे गाणं नाही, मापं आहेत! माठवाला, तुम्हाला हवं होतं ते.

मेदक नावाचं पेय: पाणी १ द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व ३ प्रस्थ. आता ४ प्रस्थांचा १ आढक आणि ४ आढकांचा १ द्रोण. म्हणजे सगळं प्रस्थात आणलं तर पाणी १६, तांदूळ २, किण्व ३. बघितलंत? किण्व तांदळापेक्षा जास्त! चिमूटभर यीस्ट टाकायचा हा प्रकारच नाही.

मग किण्व म्हणजे काय, तेही दिलंय. उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्याच्याहून जास्त तांदूळ, आणि मोरटा वगैरे वनस्पती एकेक कर्ष (जुनं छोटं वजन). म्हणजे विरजण हेच मुळात धान्य आणि डाळ. 'प्रसन्ना' नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात पीठ १२ आढक आणि किण्व फक्त ५ प्रस्थ, म्हणजे ४८ ला ५. दोन पेयांत प्रमाण इतकं उलटं आहे की हे दोन वेगळ्याच पद्धतीने होत असणार असं मला वाटतं, मेदक पातळ आणि झटपट, प्रसन्ना जड.

आणि ओसरी काकांसाठी: याच अध्यायात गुत्त्यात वेगवेगळ्या खोल्या, बिछाने, फुलं, सुगंध, ऋतूप्रमाणे सोयी असाव्यात असं सांगितलंय. शिवाय तिथे बसून कोण ऐपतीपेक्षा जास्त उडवतंय यावर हेरांनी नजर ठेवायची. नदीकाठ ताईंनी बाबिलोनचं सांगितलं त्याच्याशी किती जुळतंय.

केळीचं_पान | रविवार, रात्री ९:५८

थांबा थांबा. उडीद आणि तांदूळ?? ही इडली झाली की!

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री १०:२०

केळीचं_पान, विनोद म्हणून ठीक, पण गंमत अशी की इडलीच्या पिठात उडदामुळे मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात. त्याने पीठ फुगतं, आंबतं, दारू फारशी होत नाही. तांदळाला मोड आणलेले नसतील तर स्टार्चची साखर करायला कोणीतरी हवं. बार्लीत ते काम माल्टची विकरं करतात, पेरूच्या चिचामध्ये पूर्वी मका चावून थुंकीतली विकरं वापरायचे, आणि पूर्व आशियात बुरशी. किण्वात बुरशी असावी, मोरटा वगैरे वनस्पतींबरोबर किंवा भांड्यातून, हवेतून आलेली. याचं जिवंत उदाहरण आपल्या देशात आहे, कोणी झारखंडकडचं असेल तर सांगा.

रांचीवाले | सोमवार, सकाळी ६:५०

हजर. मूळचे अमरावतीचे, वडील नोकरीनिमित्त इकडे आले ते इथलेच झालो.

इथे हांडिया. मुंडा, उरांव, संथाळ सगळ्यांकडे, सणाला, लग्नाला, पाहुण्याला, पितरांना. भात मोकळा शिजवून पसरून गार करतात, मग त्यात रानूच्या गोळ्या कुस्करतात. रानू म्हणजे तांदळाचं पीठ आणि रानातली मुळं कुटून केलेल्या वाळवलेल्या पांढऱ्या गोळ्या, आठवडी बाजारात वाटे लावून मिळतात. कुठली मुळं हे प्रत्येक बाई वेगळं सांगते आणि पूर्ण कोणीच सांगत नाही. मग मडक्यात भरून ठेवायचं, उन्हाळ्यात दोन तीन दिवस, थंडीत जास्त. नंतर पाणी घालून गाळायचं. पांढरट, आंबटगोड, उन्हातून आल्यावर बरं वाटतं. विकायला बसतात त्या बायकाच, नदीकाठ ताई म्हणतात तसंच.

सिक्कीमकडे तोंगबा असते, कोदो म्हणजे आपली नाचणी आंबवून लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीने ओढतात, पाणी संपलं की परत ओततात. तुमच्या सुमेरच्या नळीची गोष्ट वाचून तेच डोळ्यापुढे आलं. नळीच्या टोकाला बारीक फटी असतात म्हणजे दाणे तोंडात येत नाहीत.

एक मात्र मला खटकतं. या धाग्यात सगळे 'प्राचीन' म्हणून हळहळतायत आणि पाच हजार वर्षं जुन्या मडक्याची खरड तपासतायत, इथे बाजारात बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही की बाई गं तू काय घालतेस. उलट पोलीस येऊन मडकी फोडून जातात.

माठवाला | सोमवार, सकाळी ११:१५

रांचीवाले, हा मुद्दा अगदी मान्य. नॉर्वेत हेच झालं पण उलट्या बाजूने. तिथल्या शेतकऱ्यांनी घराघरात पिढ्यानपिढ्या जपलेलं यीस्ट, त्याला क्वाइक म्हणतात, लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे. लार्स मारिउस गार्शोल नावाच्या माणसाने गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांकडून पद्धती लिहून घेतल्या, नमुने जमवले. आता ते जगभर पाकिटात विकत मिळतं. वॉस भागातलं क्वाइक तर ४० अंशांपर्यंत मजेत काम करतं, जिथे साधं एल यीस्ट २०-२२ च्या वर गेलं की विचित्र वास सोडायला लागतं. मी इजिप्तच्या बिअरला हेच वापरलं कारण तिकडच्या उन्हात गार तळघर कुठून आणणार.

पाटावरवंटा | सोमवार, दुपारी १:०३

मग जुनं यीस्टच का वापरत नाही? कुठंतरी वाचल्यालं की मडक्यातनं जिवंत काढलं म्हणून.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी २:२८

इस्रायलमधलं, २०१९. हिब्रू विद्यापीठाचे हझान, क्लुटस्टाइन आणि त्यांच्याबरोबर पुरातत्त्ववाले. तेल एस-साफी म्हणजे बायबलमधलं गाथ, एन-बेसोर, अशा ठिकाणच्या २१ भांड्यांवर काम करून त्यांनी यीस्टचे सहा वाण वेगळे केले आणि बिअरही बनवली. जुनी पेशी पाच हजार वर्षं झोपून होती असा दावा नाही, मातीच्या सूक्ष्म छिद्रांत पिढ्यांमागून पिढ्या तग धरून राहिलेली वसाहत असं म्हणणं आहे. शंका येणारच की हे आजूबाजूच्या मातीतलं कालपरवाचं यीस्ट कशावरून नाही. त्यांनी दारूशी संबंध नसलेली भांडी आणि आसपासची माती पण तपासली, तिथे जवळजवळ काही मिळालं नाही. मला हा पुरावा बऱ्यापैकी वाटतो, पक्का नाही.

शनिवारपेठी | सोमवार, संध्याकाळी ७:४४

धागा रंगलाय पण महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात माठ आणू नयेत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, विकत नसलात तरी, एक तांब्या असला तरी. 'घरच्यापुरती' अशी सूट बिअरला नाही.

पुण्यात २००९ ला डूलाली सुरू झालं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, त्यानंतर बऱ्याच निघाल्या. खपलीची बिअर परवाना असलेल्या एखाद्या ब्रुअरीने करावी, मी पहिला गिऱ्हाईक.

पोथीवाचक | सोमवार, रात्री ८:३०

शनिवारपेठी, तुमच्यासाठी त्याच अध्यायातलं. दारू हा राजाचा मक्ता, परवान्याबाहेर विकलं की दंड, हे कौटिल्यालाही मान्य. पण कुटुंबवाल्यांना खास प्रसंगी घरी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा आहे. आणि उत्सव, समाज, यात्रा असेल तर चार दिवस सूट. म्हणजे या एका बाबतीत कौटिल्य आपल्यापेक्षा सैल.

ओसरी | सोमवार, रात्री ९:०५

अरिष्ट मी रोज घेतो जेवणानंतर. ते वेगळं.

टोळभैरव | सोमवार, रात्री ९:०६

काका 🙏🙏🙏

माठवाला | सोमवार, रात्री ११:४०

ठरलं, पुढचा प्रयोग मेदक. पोथीवाचकांचं १६:२:३ प्रमाण घेतो. उडीद शिजवून घेणार, मोरटा नक्की कुठली वेल यावर एकमत दिसत नाही म्हणून ती वगळतोय आणि तसं वहीत लिहून ठेवतोय, म्हणजे सूक्ष्मदर्शी केशरवाला म्हणून माझ्यावर खेकसणार नाहीत. अडचण किण्वाची. रानू इथे मिळणार नाही. इथल्या चिनी दुकानात तांदळाच्या दारूसाठी गोळ्या मिळतात, त्यात बुरशी आणि यीस्ट दोन्ही असतात. त्या थोड्या उडीद-तांदळाच्या लगद्यात घालून आधी दोन दिवस किण्व वाढवायचं आणि मग मुख्य भांड्यात, असं डोक्यात आहे. कसं वाटतं?

रांचीवाले | मंगळवार, सकाळी ६:३५

चालेल, पण भात पूर्ण गार झाल्याशिवाय गोळी घालू नका, गरम भातात मरते. पहिले दोन दिवस पाणी अजिबात घालायचं नाही, नुसता ओलसर भात, वर फडकं. बुरशी पांढरी आली तर ठीक, काळी किंवा गुलाबी दिसली तर चाखून बघायच्या भानगडीत पडू नका, सगळं फेका. आणि उडदामुळे वास जरा उग्र येईल असं वाटतं, भांडं बाल्कनीत ठेवा, घरात नको.